छापण्याआधीचा बचाव

टिळक आणि आगरकर पहिल्यांदा तुरुंगात गेले ते राजद्रोहासाठी नव्हे, अब्रूनुकसानीसाठी. शाळेत आम्हाला ‘डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस’ एवढं पाठ होतं. का गेले, हे ना गुरुजींनी सांगितलं ना आम्ही विचारलं. इंग्रज होते, तुरुंग होता, टिळक होते. कारण उघडच आहे असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. पुढे एका जिल्हा दैनिकात उपसंपादकी करू लागलो, टेबलावर वकिलांच्या नोटिसा यायला लागल्या, तेव्हा तो खटला नीट वाचला. तेव्हापासून कुणी छाती ठोकून ‘मी खरं तेच लिहिलंय, मला कुणाची भीती?’ म्हणालं, की मला आधी कोल्हापूर आठवतं.

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे, दोघंही पंचविशीतले. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा चौथे शिवाजी महाराज होते, कोवळ्या वयाचे. त्यांना वेडं ठरवून त्यांचा छळ चाललाय, अशी बोलवा पुण्यापर्यंत आली होती आणि बोट दाखवलं जात होतं ते कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे यांच्याकडे. अशात बर्व्यांच्या हातची म्हणून काही पत्रं पुढे आली. ती खरी असती तर सगळं कारस्थानच उघडं पडत होतं. दोन्ही वृत्तपत्रांनी लिहिलं आणि हात राखून लिहिलं नाही. बर्व्यांनी फिर्याद केली. जोतीराव फुल्यांच्या शब्दावर रामशेठ उरवणे दहा हजारांना जामीन राहिले. पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, पण बर्वे मागे हटले नाहीत. १७ जुलै १८८२ रोजी चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबरला दोघं सुटले.

पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरला ठेवलेल्या त्या महाराजांचा गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मृत्यू झाला. म्हणजे त्यांच्या हालांबद्दल लोकांना जो संशय होता तो अगदीच हवेतला नव्हता. पण खटला ‘महाराजांचे हाल होतात की नाही’ यावर नव्हताच. बर्व्यांनी अमुक केलं, या विधानावर होता, आणि त्या विधानाखाली जे कागद होते ते खोटे होते. हा फरक डेस्कवर वारंवार दिसायचा. बातमीदाराला एकूण प्रकरणाची खात्री असते; समोरचा वकील एका वाक्यावर बोट ठेवतो.

टिळक-आगरकर प्रामाणिक होते, पत्रं खरी समजूनच त्यांनी लिहिलं, याबद्दल आजही कुणी शंका घेणार नाही. मग प्रामाणिकपणा पुरला का नाही? कारण भारतीय दंड संहितेतली ‘सद्भावा’ची कसोटी मनातल्या हेतूपाशी थांबत नाही. योग्य ती काळजी घेतल्याशिवाय केलेली कोणतीही गोष्ट सद्भावानं केली असं धरलं जाणार नाही, असं तिथं साफ म्हटलंय. गंमत अशी की सर्वसाधारण खंड अधिनियमात (‘जनरल क्लॉजेस अॅक्ट’, कायद्यांतल्या शब्दांचे सर्वसाधारण अर्थ सांगणारा कायदा) व्याख्या नेमकी उलटी आहे: हयगयीनं का होईना, पण प्रामाणिकपणे केलं तरी सद्भाव. व्यवहाराच्या अनेक कायद्यांत ती सैल व्याख्या चालते. अब्रूचा प्रश्न आला की मात्र कडक व्याख्या लागते. तुमचा विश्वास होता हे ठीक. तो बसायच्या आधी तुम्ही काय काय पाहिलंत, कुणाला विचारलंत, ते सांगा.

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. अब्रूनुकसानीच्या कलम ४९९ चं ३५६ झालं, शिक्षेत सामुदायिक सेवेची एक नवी पळवाट किंवा सोय (कसं बघाल तसं) आली. बाकी कैद दोन वर्षांपर्यंतची तीच, कोणतं विधान बदनामी ठरत नाही हे सांगणारे दहा अपवाद तेच. म्हणजे टिळक-आगरकरांना जे दहा दरवाजे होते तेच तुम्हा-आम्हाला आहेत.

पहिलाच दरवाजा सत्याचा. पण त्याला दोन कड्या आहेत. विधान खरं हवं आणि ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं हवं. शेजाऱ्याचा घटस्फोट का झाला, हे शंभर टक्के खरं असलं तरी चारचौघांत सांगण्यात लोकहित कोणतं, ते सांगणाऱ्यालाच दाखवून द्यावं लागेल. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात तेवढी अट नाही. तिथं सत्य सिद्ध झालं की विषय संपला. आपल्याकडे एकाच वाक्यासाठी फौजदारी फिर्यादही होते आणि दिवाणी दावाही, आणि दोन्हीकडचे बचाव सारखे नसतात. दाव्याला मुदत एक वर्षाची, फिर्यादीला तीन. ‘दहा कोटींची नोटीस’ म्हणून ज्या बातम्या येतात, त्यातल्या पुष्कळशा नोटिशीपाशीच संपतात. दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या हिशेबानं कोर्ट फी भरावी लागते आणि आपली अब्रू किती कोटींची होती याचा पुरावाही द्यावा लागतो.

आमच्या दैनिकाचे वकील जुन्या वळणाचे होते. नोटीस आली की ‘आमचे अशील यांनी दिलेल्या माहितीवरून व सूचनेवरून आपणास कळविण्यात येते की’ इथपासून ‘सदर नोटिशीचा खर्च आपणांवर बसविला आहे’ इथपर्यंत ते शांतपणे वाचत आणि मग बातमीचं कात्रण मागत. एकदा एका रस्त्याच्या कामाच्या बातमीवरून नोटीस आली. बातमीदारानं माहितीच्या अधिकारात मोजमाप पुस्तिकेची (‘एमबी’ची) प्रत काढली होती, गुणनियंत्रणाचा अहवालही होता. डांबराची जाडी कागदावर एक, जागेवर दुसरी. मजकूर चोख. मथळा मात्र डेस्कवरच्या कुणीतरी दिला होता: ‘ठेकेदाराने रस्ता खाल्ला’. वकीलसाहेबांनी प्रत पुढे-मागे चाळली आणि म्हणाले, “एमबीत खाल्ल्याची नोंद दिसत नाही.” मग लाल पेन काढून त्यांनी कात्रणावर खुणा केल्या. कागदावर टेकलेली वाक्यं एका बाजूला, मत असलेली दुसऱ्या बाजूला, आणि नुसतीच विशेषणं तिसऱ्या. विशेषणांकडे पाहून म्हणाले, “ह्यांचे साक्षीदार कुठून आणू?”

त्या दिवशी ते सर्वांत खूश कशावर झाले असतील, तर बातमीदाराच्या वहीतल्या एका ओळीवर. ठेकेदाराला फोन केल्याची वेळ आणि पुढे ‘नंतर बोलतो म्हणाले’ एवढंच. गुणनियंत्रणाच्या अहवालापेक्षा त्यांना ती गिचमिड ओळ मोलाची वाटली. समोरच्याला बाजू मांडायची संधी दिली होती, हे दाखवणारा तेवढाच कागद होता. त्या नोटिशीला त्यांनी दोन पानी उत्तर दिलं. पुढे काही आलं नाही.

वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: या अंकात प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. ती ओळ म्हणजे चिलखत आहे, असा पुष्कळांचा समज असतो. अब्रूनुकसानीत तिचा काही उपयोग नाही. ‘कथित’ या शब्दाचंही तेच. माणसाला कथित चोर म्हटलं म्हणून झालेली बदनामी कथित ठरत नाही. आणि ‘असे म्हणतात’, ‘अशी चर्चा आहे’ यांचा तर उलटाच परिणाम होतो: दुसऱ्याचं ऐकून, न तपासता लिहिलं, याची कबुलीच ती.

कलम ४९९ खालची उदाहरणं मात्र कधी सवड काढून वाचावीत अशी आहेत. मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा, १८३७ चा. त्यातला तो खोचक सूर अजून जाणवतो. पहिलंच उदाहरण असं: ए म्हणतो, झेड प्रामाणिक माणूस आहे, त्यानं बीचं घड्याळ कधीच चोरलं नाही. आणि ऐकणाऱ्याला मात्र झेडनंच ते चोरलं असं वाटावं, हा त्याचा हेतू. ही बदनामी! उपरोधानं केलेलं विधानही बदनामी ठरू शकतं, असं स्पष्टीकरणातही वेगळं म्हटलंय. टोमणे मारण्यात हयात गेलेल्या आपल्या समाजानं ही ओळ जरा जपून वाचावी.

सहावा अपवाद कलाकृतीवरच्या मताचा. पुस्तक, भाषण, नाटकातलं काम, गाणं, लोकांपुढे मांडलेलं काहीही. त्याचं उदाहरण समीक्षकांनी टेबलाच्या काचेखाली ठेवावं. ‘झेडचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, झेड दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे, पुस्तक अश्लील आहे, झेडचं मन मलिन असलं पाहिजे’ असं सद्भावानं लिहिलं तर चालतं, कारण मत पुस्तकातून दिसणाऱ्या झेडपुरतं आहे. पण ‘झेडचं पुस्तक मूर्खपणाचं आणि अश्लील निघालं यात मला नवल वाटत नाही, कारण झेड आहेच दुबळा आणि स्वैराचारी’ हे चालत नाही. विशेषणं जवळजवळ तीच. पहिल्यात लिहिणारा पुस्तकाकडून माणसाकडे जातो, दुसऱ्यात माणसाकडून पुस्तकाकडे. आपल्याकडच्या साहित्यिक भांडणांचे जुने अंक काढले तर त्यातला किती मजकूर या दुसऱ्या वर्गात बसेल, याचा हिशेब मी कधीतरी करणार आहे. सध्या नको, मंडळी हयात आहेत. तसं मेलेल्यांची बदनामीही होऊ शकते, कुटुंबीयांना दुखावण्याचा हेतू असेल तर, हेही त्याच कलमात आहे.

सभागृहात, न्यायालयात जे बोललं गेलं त्याचा अचूक वृत्तांत देणाऱ्याला बऱ्यापैकी संरक्षण आहे. ‘लोकमत’चे जवाहरलाल दर्डा यांच्यावरची फिर्याद सर्वोच्च न्यायालयात गेली होती. पैशांच्या अफरातफरीबद्दल विधिमंडळात प्रश्न निघाला, मंत्र्यांनी उत्तर दिलं, त्याचा वृत्तांत छापला गेला. ज्याचं नाव त्यात आलं त्यानं फिर्याद ठोकली. १९९८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की सभागृहातल्या कामकाजाचा खराखुरा वृत्तांत सद्भावानं छापणं ही बदनामी नव्हे. इथं ‘अचूक’ या शब्दात सगळं आलं. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाची बातमी ‘सिद्ध झालं’ म्हणून दिली की संरक्षण गेलं.

सत्याचा बचाव निखळपणे यशस्वी झाल्याचं आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण मुंबईचं, १८६२ चं. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात करसनदास मुळजींनी वल्लभ या वैष्णव संप्रदायाच्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचारावर लिहिलं. त्यातल्या जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजारांचा दावा लावला. मुळजींनी सारवासारव केली नाही. लिहिलंय ते खरं आहे आणि मी ते सिद्ध करतो, असा पवित्रा घेतला. मग साक्षीदार उभे राहिले. त्यात डॉ. भाऊ दाजी लाड होते. आपल्याकडे उपचार घेतलेल्या महाराजाच्या गुप्तरोगाबद्दल त्यांनी भर न्यायालयात साक्ष दिली. भाऊ दाजींचं संशोधन, त्यांची नाणी-शिलालेखांची विद्वत्ता यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यांची ही साक्ष जास्त धीराची वाटते. रोग्याचं गुपित फोडावं का, हा प्रश्न आजही कुणा डॉक्टरला सोपा नाही, आणि तेव्हाच्या मुंबईत बड्या शेठियांचा रोष पत्करणं तर त्याहून अवघड. २२ एप्रिलला निकाल लागला तेव्हा आरोप खरे असल्याचं न्यायालयानं मानलं. मुळजी जिंकले ते शब्दांच्या धारेवर नव्हे, साक्षीदारांच्या जोरावर.

हेच शस्त्र टिळकांवर उलटलं, हे मला कायम विचारात पाडतं. १९१० मध्ये व्हॅलेंटाइन चिरोल या ब्रिटिश पत्रकारानं भारतातल्या असंतोषावर पुस्तक लिहून टिळकांना रँडच्या आणि नाशिकच्या जॅक्सनच्या खुनाशी जोडलं. टिळकांनी लंडनमध्ये दावा लावला. १९१९ च्या जानेवारीत न्यायमूर्ती डार्लिंग यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. टिळकांकडून सर जॉन सायमन, चिरोलकडून सर एडवर्ड कार्सन. चिरोलचा बचाव एकच: जे लिहिलं ते खरं आहे. मग कार्सननं ‘केसरी’चे जुने लेख काढले, जुन्या शिक्षा काढल्या, आणि उलटतपासणीत टिळकांचं अख्खं सार्वजनिक आयुष्य ज्यूरीपुढे मांडलं. दावा टिळकांचा आणि पिंजऱ्यात टिळकच. ज्यूरीनं चिरोलच्या बाजूनं कौल दिला, खर्च लाखांच्या घरात गेला. लंडनच्या ज्यूरीकडून दुसरं काय होणार होतं, असं म्हणता येईल, आणि ते खरंही आहे. पण १८८२ मध्ये अपुऱ्या पुराव्यावर लिहिण्याची किंमत मोजलेला माणूस सदतीस वर्षांनी दुसऱ्या बाकावर बसून बघत होता, की समोरच्यानं सत्याचा बचाव घेतला म्हणजे फिर्यादीलाच आपल्या आयुष्याचा झाडा द्यावा लागतो. नोटीस पाठवायला उतावीळ झालेल्या माणसाला मी हा खटला सांगतो. निम्मे लोक तिथंच थंड होतात.

अपवाद आपल्याला लागू आहे हे आरोपीनंच सिद्ध करायचं असतं. त्यातल्या त्यात दिलासा १९६५ च्या हरभजन सिंग खटल्यानं दिला. पंजाबच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलाबद्दल जाहीर विधान केल्यावरून हरभजन सिंग यांना शिक्षा झाली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि सांगितलं की आरोपीला आपला बचाव निःसंशय सिद्ध करायची गरज नाही; तो संभवनीय आहे एवढं दाखवलं तरी पुरे. पत्रकार प्रिया रामाणी यांनी माजी संपादक व मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप केला, त्यावरून अकबर यांनी भरलेल्या खटल्यातही सत्य आणि लोकहित हेच बचाव होते. वर्षानुवर्षांपूर्वीची, बंद खोलीतली घटना; कागद कुठून आणणार? दिल्लीच्या न्यायालयानं १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामाणींना निर्दोष सोडलं आणि कित्येक वर्षांनंतरही स्त्रीला आपली तक्रार तिला हव्या त्या व्यासपीठावर मांडायचा हक्क आहे, असं म्हटलं. निकाल चांगलाच; पण तो यायला दोन वर्षांहून जास्त गेली. निर्दोष सुटलेल्या माणसानं तारखांना घातलेले दिवस परत देणारं कलम कुठल्याच संहितेत नाही. २०१६ मध्ये अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हा असावाच का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयानं कलम कायम ठेवलं. माझं मत विचाराल तर अब्रूची भांडणं दिवाणीतच राहावीत. पण माझ्या मतानं समन्स थांबत नाही.

माफी हा बचाव नाही, तडजोड आहे. समोरच्यानं मानली तर खटला मिटतो, जसा २०१८ मध्ये केजरीवालांनी गडकरींची माफी मागितल्यावर मिटला. नाही मानली तर डोंगरी.

हे सगळं आता वर्तमानपत्रवाल्यांपुरतं राहिलेलं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की बदनामीकारक मजकूर नुसता पुन्हा प्रसारित करणं हेही प्रसिद्ध करणंच. ‘आला तसा पुढे पाठवला’ ही ओळ म्हणजे शेवटच्या पानावरच्या त्या बारीक ओळीची धाकटी बहीण. माझा एक मित्र असाच सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर घेऊन माझ्याकडे आला. लिफ्टच्या दुरुस्तीच्या बिलात घोळ आहे, आणि तो सेक्रेटरीनंच केलाय, असं त्याला पक्कं वाटत होतं. मजकुरात ‘चोर’ होतं, ‘दरोडा’ होतं, एक म्हणही होती. पुरावा म्हणून एका बिलाचा तिरका फोटो.

त्याला मी आठवा अपवाद सांगितला. ज्याला चौकशीचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्भावानं केलेली तक्रार ही बदनामी नाही. सहकारी दारू पिऊन कार्यालयात येतो अशी तक्रार काही कर्मचाऱ्यांनी कोषागार अधिकाऱ्याकडे केली, त्यानं बदनामीची फिर्याद केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये याच अपवादावर ती रद्द केली. तेच कर्मचारी तेच वाक्य चहाच्या टपरीवर बोलले असते, तर हा दरवाजा त्यांना बंद होता. म्हणून म्हटलं, सभासद म्हणून बिलांच्या प्रती मागण्याचा अर्ज सेक्रेटरीला दे. लिफ्टच्या कंपनीकडून दर लेखी घे. त्याची पोच जपून ठेव. मग सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जा. ग्रुपवर सभासदांच्या हितासाठी काही सांगायचंच असेल तर नवव्या अपवादाचा आधार मिळू शकतो, पण तिथंही ‘चोर’ शब्दाला काही आधार नाही.

“म्हणजे महिनाभर गप्प बसू?” त्यानं विचारलं.

“गप्प नको बसूस. कागद गोळा कर.”

तो वैतागला, पण त्यानं केलं. प्रती मिळायला वेळ लागला आणि मिळाल्यावर कळलं की घोळ आहे, पण बिल सेक्रेटरीनं नव्हे, आधीच्या समितीनं मंजूर केलं होतं. मूळ मजकूर ग्रुपवर पडला असता तर चोर म्हणून भलत्याच माणसाचं नाव गेलं असतं. त्यानं नव्यानं अर्ज लिहिला आणि उपनिबंधक कार्यालयाच्या शिक्क्याची पोच घेतली. मग ग्रुपवर दोन ओळी टाकल्या: लिफ्टच्या खर्चाबाबत अर्ज दिला आहे, आवक क्रमांक अमुक, प्रती ज्यांना पाहायच्या असतील त्यांनी घरी यावं.

खाली लगेच तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा मेसेज आला, ‘ते सगळं ठीक आहे, पण पैसे खाल्ले कोणी ते सांगा की!’ त्याला आठ जणांनी अंगठे दिले. प्रती पाहायला अजून कुणी आलेलं नाही.